स्प्रिंकलर असलेल्या इमारतीचा ‘फायर फ्लो’ अमेरिकेत कसा ठरतो: हिशेब, सवलत आणि कागदपत्रं

आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडवर हात बसलेला इंजिनिअर पुण्यात बसून अमेरिकेतला प्रकल्प करायला घेतो, तेव्हा आधी टाकी किती लिटरची ते शोधतो. आपल्याकडे इमारतीचा वापर आणि उंची कळली की तक्त्यातून टाकी आणि पंप दोन्ही मिळतात. तिकडे विचारतात ते वेगळंच: वाहिनीत २० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब शिल्लक ठेवून हायड्रंटमधून मिनिटाला किती गॅलन पाणी मिळेल, आणि किती वेळ? हाच फायर फ्लो.

त्याचा हिशेब इंटरनॅशनल फायर कोडच्या परिशिष्ट बी मध्ये आहे. मात्र हे परिशिष्ट आपोआप लागू होत नाही, शहराने किंवा काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखा घटक) ते स्वीकारलेलं असावं लागतं. त्यामुळे आधी फायर मार्शलच्या (स्थानिक अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडून दोन गोष्टी विचारून घ्या: कोडची कोणती आवृत्ती चालू आहे आणि स्थानिक दुरुस्त्या कोणत्या. २०१२ च्या आवृत्तीत स्प्रिंकलरची सवलत ‘७५ टक्क्यांपर्यंत, मंजुरी मिळाल्यास’ अशी होती आणि प्रवाह मिनिटाला १,५०० गॅलनच्या खाली आणता येत नसे. २०१५ पासून मांडणी बदलली, ती खाली दिली आहे. काही शहरं आजही ५० टक्क्यांवर सवलत देत नाहीत.

सवलत कोणाला मिळते

संपूर्ण इमारतीत एनएफपीए १३ (अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं स्प्रिंकलरचं मानक) प्रमाणे स्प्रिंकलर असतील, तर परिशिष्टाच्या तक्त्यातल्या प्रवाहाच्या २५ टक्के धरतात, पण मिनिटाला १,००० गॅलनपेक्षा कमी नाही. एनएफपीए १३आर ही चार मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतींची प्रणाली. तिलाही २५ टक्केच, पण किमान मर्यादा १,५०० गॅलन. नुसत्या तळघरात किंवा पार्किंगमध्ये स्प्रिंकलर बसवून ही सवलत मागता येत नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरांचा तक्ता वेगळा आहे: ३,६०० चौरस फुटांपर्यंत स्प्रिंकलरसह ५०० गॅलन, अर्धा तास; त्याहून मोठ्या घराला मुख्य तक्त्याच्या निम्मा प्रवाह, एक तास.

हिशेब

क्षेत्रफळ म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतलं सगळ्या मजल्यांचं मिळून, शिवाय छताच्या पुढे आलेल्या भागाखालचंही. नुसता तळमजला धरून केलेला अर्ज हमखास परत येतो. टाइप १-ए आणि १-बी (कोडच्या वर्गवारीत आगीला सर्वाधिक टिकणाऱ्या) बांधकामाला मात्र लागोपाठच्या सर्वांत मोठ्या तीन मजल्यांचंच क्षेत्रफळ मोजतात. मधे दारं-खिडक्यांसारखी उघडी जागा नसलेली फायर वॉल (आग अडवणारी भिंत) असेल तर दोन बाजू दोन स्वतंत्र इमारती धरता येतात.

समजा तीन मजली अपार्टमेंट आहे, टाइप ५-ए (लाकडी सांगाडा चालणारा प्रकार), मजल्याला १४,००० चौरस फूट, म्हणजे एकूण ४२,०००. तक्ता मिनिटाला ३,७५० गॅलन आणि ३ तास सांगतो. स्प्रिंकलर एनएफपीए १३ चे असतील तर २५ टक्के म्हणजे ९३७.५, तो किमान मर्यादेमुळे १,००० होतो. आता कालावधी. बरेच जण इथे ३ तास तसेच ठेवतात. कालावधी घटवलेल्या प्रवाहावरून वाचायचा असतो, आणि तक्त्याचा सर्वांत खालचा टप्पा २ तासांचा आहे. म्हणजे एकूण ६,७५,००० गॅलन पाण्याच्या जागी १,२०,००० गॅलन पुरतात, साधारण साडेचार लाख लिटर. त्याच इमारतीला १३आर बसवली तर मिनिटाला १,५०० गॅलन, २ तास, म्हणजे १,८०,००० गॅलन. पाइपिंगमध्ये वाचवलेला पैसा कधी कधी असा पाण्याच्या बाजूने वसूल होतो.

यानंतरची पायरी गोदामांच्या कामात फार जण विसरतात. पाणीपुरवठा दोन आकड्यांपैकी मोठ्याला पुरला पाहिजे: एक हा फायर फ्लो, दुसरा स्प्रिंकलरची मागणी अधिक होज स्ट्रीमचा (अग्निशमनाच्या नळीने मारायच्या पाण्याचा) वाटा. दोन्हींची बेरीज करायची नाही. टाइप २-बी (न जळणाऱ्या साहित्याच्या बांधकामाचा एक प्रकार) चं ५०,००० चौरस फुटांचं गोदाम घ्या. तक्त्यात ४,७५० गॅलन, त्याचे २५ टक्के सुमारे १,१८८. आत ईएसएफआर (आग लवकर विझवणारे, गोदामांसाठीचे) स्प्रिंकलर, के-१४ (प्रवाह = १४ × दाबाचं वर्गमूळ), ५० पीएसआयवर १२ हेड धरले तर सुमारे १,१९० गॅलन, वर होजचे २५०. झाले १,४४०. इथे स्प्रिंकलरचाच आकडा चालतो.

अर्जासोबत काय द्यायचं

बांधकामाचा प्रकार, वापर आणि मजलानिहाय क्षेत्रफळ दाखवणारा कोड-सारांश. स्प्रिंकलर कोणत्या मानकाचे ते स्पष्ट लिहिलेलं. हायड्रंट आणि वाहिन्यांचे व्यास दाखवणारा साइट प्लॅन. स्प्रिंकलरची हायड्रॉलिक गणना. पाणी खात्याचं उपलब्धतेचं पत्र आणि हायड्रंट फ्लो टेस्टचा अहवाल. अहवाल किती जुना चालेल हे कार्यालयाला विचारूनच घ्यावं.

या अहवालात स्थिर दाब (पाणी वाहत नसतानाचा), रेसिड्युअल दाब (पाणी वाहताना उरलेला), पिटो वाचन (धारेचा वेग-दाब, त्यावरून प्रवाह निघतो), तारीख आणि वेळ हवीच. २० पीएसआयवरचा प्रवाह असा काढतात: (स्थिर दाब वजा २०) भागिले (स्थिर वजा रेसिड्युअल), त्याचा ०.५४ वा घात, गुणिले चाचणीत मिळालेला प्रवाह. स्थिर दाब ६२, रेसिड्युअल ४८, प्रवाह १,०६० असेल तर सुमारे १,९२० गॅलन येतात. चाचणीत दाब जेमतेम २ पीएसआय उतरला असेल तर त्या अहवालावर विसंबू नका. गेजमधल्या एका पीएसआयच्या फरकाने उत्तर २० टक्क्यांनी खाली किंवा सुमारे ४५ टक्क्यांनी वर जातं. अशा वेळी आणखी एखादा हायड्रंट उघडून चाचणी पुन्हा घ्यायची.

प्रवाह कमी पडला तर फायर वॉलने क्षेत्र विभागणं, बांधकामाचा प्रकार वरचा (आगीला जास्त टिकणारा) घेणं, वाहिनी मोठी करणं किंवा ती लूपमध्ये (दोन बाजूंनी पाणी मिळेल अशी) जोडणं हे मार्ग आहेत. ‘फायर पंप टाकतो’ एवढ्या उत्तरावर मात्र भागत नाही. इमारतीतला पंप स्प्रिंकलरचा दाब वाढवतो. रस्त्यावरच्या हायड्रंटला त्याने एक गॅलनही जास्त मिळत नाही.