डिस्क मेली नव्हती, उपाशी होती

टक्... घर्र... टक्. दोन सेकंद शांतता. मग पुन्हा तेच.

ताईचा जुना लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात बंद पडला. मदरबोर्ड गेला होता. दुकानदारानं आतली हार्ड डिस्क काढली, त्याच्याकडच्या केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीनं जोडायच्या खोक्यात) घालून कॉम्प्युटरला लावून पाहिली आणि "डिस्कपण गेली, मॅडम" असं सांगून ती ताईच्या हातात ठेवली. त्या डिस्कवर फोटो होते, कागदपत्रं होती आणि आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ताईनं त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी डिस्क घरी आणली, तसल्याच एका जुन्या केसिंगमध्ये घातली आणि कान लावला. वर लिहिलाय तो आवाज आला. हा आवाज खराब झालेल्या डिस्कचाही असू शकतो, हे खरं. पण पोटभर वीज न मिळालेली डिस्कही हुबेहूब असाच आवाज करते, आणि हा फरक ओळखता न आल्यामुळे कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात जातात.

जुन्या लॅपटॉपमध्ये असते ती अडीच इंची डिस्क. तिच्या आत काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची एक-दोन गुळगुळीत तबकडी असते आणि ती मिनिटाला सहसा ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. या वेगात तबकडीची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटरनं पळत असते. वाचणारं-लिहिणारं डोकं तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. वहीचा कागद साधारण एक लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून या उंचीचा अंदाज येईल. तबकडीला पुरेसा वेग आल्याशिवाय हवेचा आधार मिळत नाही, म्हणून तोवर डोकं कडेच्या प्लॅस्टिकच्या उतारावर थांबून राहतं.

सगळ्यात जास्त वीज लागते ती हा वेग गाठायला. फिरणारी मोटर स्वतःच उलट्या दिशेचं व्होल्टेज तयार करते आणि ते प्रवाहाला आवर घालतं. थांबलेल्या मोटरला हा आवर नसतो. विहिरीवरची मोटर चालू केली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, त्याचं कारण हेच. अडीच इंची डिस्कलाही पहिल्या एक-दोन सेकंदांत एक अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. नंतर तिचं त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाहात भागतं.

आता दुसरी बाजू पाहा. यूएसबी २.० च्या पोर्टनं नियमाप्रमाणे अर्धा अँपियर द्यायचा असतो. यूएसबी ३.० नं ०.९ अँपियर. मध्ये स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी असेल, तर त्याच्या एकेका पोर्टच्या वाट्याला नियमानं ०.१ अँपियरच येतो. प्रत्यक्षात बरेच पोर्ट नियमापेक्षा जास्त देतात, म्हणून तर लोकांचं काम चालून जातं. पण त्यात वायरही आपला वाटा घेते. स्वस्त केबलमधली वीज वाहणारी तार केसासारखी बारीक असते. अशा एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.४ ओहम रोध भरतो. एक अँपियर वाहिला की ओहमच्या नियमानं ०.४ व्होल्ट वायरमध्येच संपतात. पोर्टवर ५ व्होल्ट असले तरी डिस्कपर्यंत ४.६ पोचतात. डिस्कला ४.७५ च्या खाली गेलेलं चालत नाही. मग मोटर जोर लावते, व्होल्टेज कोसळतं, आतलं सर्किट बंद पडून पुन्हा सुरू होतं, मोटर पुन्हा जोर लावते. टक्, घर्र, टक्.

माझं जुनं केसिंग यूएसबी २.० चं होतं, केबल लांब होती आणि ती मी कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावली होती. पुढचे पोर्ट मदरबोर्डापासून आणखी एका वायरनं आलेले असतात, म्हणजे तूट आणखी वाढते. दुकानातही असंच काही घडलं असणार. मी बाजारातून यूएसबी ३.० चं केसिंग आणलं, सोबत आलेली वीतभर केबल मागच्या निळ्या पोर्टला लावली. डिस्क एका दमात फिरायला लागली.

आणि फिरली नसती तर? चांगली वीज देऊनही टक-टक चालूच राहिली असती, तर मी ती तिथल्या तिथे बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली असती. खराब डोकं पुन्हा पुन्हा तबकडीवर नेण्यानं नुकसान वाढतच जातं. घरी डिस्क उघडून बघायचा मोह तर कुणीही करू नये. काही नॅनोमीटरच्या फटीपुढे धुळीचा एक कण डोंगराएवढा असतो.

साडेतीन इंची, म्हणजे डेस्कटॉपच्या डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि साधा यूएसबी पोर्ट पाचच देतो, म्हणून तिच्या केसिंगला स्वतंत्र अडॅप्टर असतोच. तो हरवला की लोक घरातला ज्याची पिन बसेल तो अडॅप्टर लावतात. पिन बसणं आणि व्होल्ट जुळणं यांचा काहीही संबंध नाही. लॅपटॉपच्या १९ व्होल्टनं केसिंग आणि डिस्क दोन्ही जळू शकतात.

केसिंग बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण हातात घेतल्यावर दोन-तीन गोष्टी बघाव्यात. अडीच इंची डिस्क सहसा ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीच्या असतात. ९.५ च्या केसिंगमध्ये ७ ची डिस्क सैल बसते, म्हणून सोबत फोमची पट्टी मिळते. ती फेकून देऊ नका, डिस्क हलली तर जोडणी सुटते. डिस्कच्या कडेला सोनेरी पट्ट्यांचे दोन गट दिसतात: ७ पट्ट्या डेटाच्या, १५ विजेच्या. दोन्हींच्या टोकाला इंग्रजी एल अक्षरासारखं वळण असतं, त्यामुळे डिस्क उलटी बसूच शकत नाही. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून बघा. नीट पाहिलं तर या पट्ट्यांची लांबी सारखी नाही, अर्थिंगच्या पट्ट्या किंचित पुढे आलेल्या आहेत. डिस्क सरकवताना त्या आधी टेकतात आणि मग बाकीच्या, म्हणजे नाजूक सर्किटाला झटका बसत नाही. ही बारकाई मला फार आवडते. डिस्कच्या झाकणावर अंगठ्यानं दाबू नका, आणि तिथल्या बारीक छिद्रावर स्टिकर लावू नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं.

केसिंग म्हणजे नुसतं खोकं नव्हे. त्याच्या आत बोटाएवढ्या पट्टीवर एक काळी चिप असते, तिला ब्रिज म्हणतात, आणि ती दुभाष्याचं काम करते. डिस्कची भाषा वेगळी, यूएसबीवरून येणाऱ्या आज्ञांची वेगळी. कॉम्प्युटर सांगतो, अमुक क्रमांकाच्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून, इतकं वाच. ब्रिज ते डिस्कला समजेल असं करून सांगतो आणि उत्तर परत पोचवतो. आपण कॉम्प्युटरवरून डिस्कशी बोलतो असं वाटतं, पण प्रत्येक शब्द या दुभाष्याच्या तोंडून जातो.

जुने दुभाषे एका वेळी एकच आज्ञा घेतात. आज्ञा, डेटा, पोच, आणि मगच पुढची आज्ञा. वाचनालयाच्या खिडकीवर शिपाई एक चिठ्ठी घेऊन कपाटाकडे जातो, पुस्तक आणून देतो आणि मग दुसरी चिठ्ठी घेतो, तसं. नवे ब्रिज यूएएसपी नावाच्या पद्धतीनं चालतात. सगळ्या चिठ्ठ्या एकदम घ्यायच्या आणि कपाटांच्या क्रमानं एकाच फेरीत पुस्तकं गोळा करायची. ही पद्धत विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून विंडोजमध्येच आहे. हजारो छोट्या फायली असतील तेव्हा तिचा फरक जाणवतो, एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपांची डिस्क असेल तर फारच. काही चिपांना मात्र ती नीट जमत नाही. लिनक्सच्या गाभ्यात अशा हटवादी चिपांची यादीच ठेवलेली आहे आणि त्यांच्याशी जुन्या पद्धतीनं बोललं जातं.

दुभाष्याच्या लहरीचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो मोठ्या डिस्कना. डिस्कवरचा डेटा परंपरेनं ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मोजला जातो. डिस्कचा कुठला भाग कुठून सुरू होतो याचा नकाशा डिस्कवरच असतो. जुन्या एमबीआर पद्धतीच्या नकाशात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ४२९ कोटींच्या पलीकडे मोजताच येत नाही. गुणाकार केला की मर्यादा २.२ टेराबाइटवर येते. विंडोज एक्सपीच्या काळात ३ टेराबाइटच्या डिस्क आल्या तेव्हा काही केसिंगनी तोडगा काढला: ब्रिजनं कॉम्प्युटरला सांगायचं की माझा एक सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. मोजपट्टी आठपट मोठी झाली आणि मर्यादाही. पण तीच डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घातली की नकाशात लिहिलेले क्रमांक तेच राहतात आणि मोजपट्टी मात्र पुन्हा ५१२ ची होते. गावाचा पत्ता कोसांत लिहिलेला आणि आपण तो किलोमीटरमध्ये चालतोय. विंडोज म्हणतं, ही डिस्क कोरी आहे, इनिशियलाइज करू का, म्हणजे नवा नकाशा लिहू का?

इथे "हो" म्हणायचं नाही. जुन्या डिस्कवरचा डेटा हवा असेल तर इनिशियलाइज आणि फॉरमॅट हे दोन्ही प्रश्न रद्द करायचे, केबल काढायची आणि आधीचं केसिंग शोधायचं. काही तयार पोर्टेबल डिस्कमध्ये तर ब्रिज सगळा डेटा कुलूपबंद करूनच लिहितो, आपण पासवर्ड ठेवलेला नसला तरी. ब्रिज जळला की डिस्क धडधाकट असूनही वाचता येत नाही. म्हणून अशा डिस्कचा पुठ्ठ्याचा डबा टाकला तरी चालेल, पण मूळ सर्किट टाकू नका.

ताईच्या डिस्कवर यातलं काही नव्हतं. फक्त तिच्या नावाचा फोल्डर उघडताना विंडोजनं "परवानगी नाही" असं सांगितलं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जुन्या लॅपटॉपमधल्या खातेदाराच्या नावावर तो फोल्डर आहे आणि नव्या कॉम्प्युटरला ती व्यक्ती ओळखता येत नाही, इतकंच. "कंटिन्यू" दाबलं की थोड्या वेळानं ताबा मिळतो. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असू शकतो. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली सापडते. लॅपटॉप बिघडण्याआधीच ती शोधून कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

कोरी डिस्क वापरायची असेल तर सेटिंग सोपं आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचा नकाशा निवडायचा, एकच भाग करायचा. मग फॉरमॅट निवडायचा: फक्त विंडोजवर वापरायची तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. १ टेराबाइटची डिस्क ९३१ जीबी दाखवते ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

केबल लावतानाही एक बारीक गोष्ट आहे. निळ्या प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्या यूएसबी २.० च्या असतात आणि मागच्या पाच ३.० च्या. प्लग हळूहळू घातला तर पुढच्या पट्ट्या आधी टेकतात आणि कॉम्प्युटर कधीकधी ही जुनी डिस्क आहे असं धरून तशीच गाठ बांधतो. म्हणून एका झटक्यात घाला. माझ्याकडे पहिल्यांदा वेग ३५ एमबीवर अडकला होता, काढून पुन्हा घातल्यावर ९० वर गेला. ताईच्या डिस्कवर सुमारे ४०० जीबी डेटा होता. पहिल्या वेगानं तीन तासांहून जास्त लागले असते, दुसऱ्या वेगानं सव्वा तास. कॉपी चालू असताना बिनतारी माउस अडखळायला लागला तर माउसला दोष देऊ नका. यूएसबी ३.० च्या केबलमधून निघणारा विद्युत गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच पडतो. माउसचा रिसीव्हर दूरच्या पोर्टला लावला की झालं.

कॉपीचा क्रम मी मोठेपणावर नव्हे, मोलावर ठरवला. आधी ओव्या, मग फोटो, मग बाकी सगळं. जुन्या डिस्कवर दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्रॅम आधी चालवला नाही, कारण असे प्रोग्रॅम डिस्कवर लिहितात आणि आजारी डिस्कवर एकही जास्तीचं अक्षर लिहिणं धोक्याचं. सगळं उतरल्यावरच स्मार्टची नोंद बघितली, म्हणजे डिस्क स्वतः ठेवत असलेली तब्येतीची वही. खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य होते. ज्या डिस्कला दुकानात मृत ठरवलं, तिच्या तबकडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

रात्री साडेअकराला ताईला फोन लावला आणि काही न बोलता पहिली फाइल सुरू केली. आजीचा आवाज, मागे कुणीतरी भांडी लावतंय, मध्येच आजी विचारते, "झालं का गं टेपिंग?" पलीकडून ताई बराच वेळ काहीच बोलली नाही.

फोन ठेवल्यावर डिस्क इजेक्ट केली आणि केबल काढण्याआधी दहा सेकंद थांबलो. डोकं उतारावर परत जाताना हलकीशी टिक ऐकू आली, मग तबकडीचा सूर उतरत उतरत विरून गेला. केसिंगवर तळहात ठेवला. अ‍ॅल्युमिनियम अजून कोमट होतं, कंप थांबला होता.