आंत्रदाहातील आतड्याबाहेरचे कर्करोग

व्रणयुक्त बृहदांत्रशोथ (अल्सरेटिव्ह कोलायटिस) आणि क्रोन्सचा रोग या जुनाट विकारांत पित्तनलिका, लसीकासंस्था, त्वचा व गर्भाशयमुख येथे उद्भवू शकणारे कर्करोग. बहुतेक रुग्णांना ते होत नाहीत.

सर्वांत पक्का संबंध पित्तनलिकांच्या कर्करोगाशी आहे. तो मुख्यतः पित्तनलिका आक्रसवणारा दाह (पीएससी) जडलेल्यांना होतो. बृहदांत्रशोथाच्या शंभरात साधारण पाचांपर्यंत रुग्णांत हा दाह आढळतो. मोठे आतडे काढून टाकले तरी हा धोका टळत नाही. उत्तर भारतातील ग्वाल्हेर ज्या गंगा-यमुनेच्या खोऱ्यात येते, तिथे पित्ताशयाचा कर्करोग एरवीही जास्त. पीएससीच्या रुग्णाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात मोड (पॉलिप) दिसला तर चालढकल करू नये.

लिम्फोमाचे (लसीकासंस्थेच्या कर्करोगाचे) मूळ रोगात की औषधात, हा वाद जुना आहे. फ्रान्समधील सुमारे १९,५०० रुग्णांच्या पाहणीत (२००९) अॅझाथायोप्रिनच्या गटातील प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांत धोका सुमारे पाचपट दिसला, न घेतलेल्यांत जवळपास सर्वसामान्यांइतकाच. त्यामुळे औषधाकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तरी पाचपट म्हणजेही वर्षाला हजारी एकाहून कमी. अॅझाथायोप्रिन आणि टीएनएफ-रोधक (दाह वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणारी) इंजेक्शने एकत्र घेणाऱ्या तरुण पुरुषांत यकृत-प्लीहेचा टी-पेशी लिम्फोमा क्वचित होतो, पण तो बहुधा जीव घेतो. मात्र, घाबरून परस्पर गोळ्या सोडल्यास आतड्याचा रोग उसळतो, हे रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवे.

त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत कार्यकारण स्पष्ट आहे. अॅझाथायोप्रिनपासून बनणारे थायोग्वानिन पेशींच्या डीएनएत शिरते आणि अतिनील-अ किरणे शोषून त्याची हानी करते. याबाबतच्या पाहण्या बहुतांशी गोऱ्या लोकांच्या. सावळ्या त्वचेला धोका कमी असावा. तरीही या गोळ्या घेणाऱ्याने मे महिन्यात भर दुपारी ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला पंचा टाळू नये.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे तो शरीरात टिकून राहतो. पोटाच्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जाणाऱ्या बाईला पॅप तपासणीचे (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचे) कोणी विचारत नाही, ही मोठी उणीव आहे. एचपीव्हीची लस शक्यतो लहान वयातच द्यावी.

क्रोन्सच्या रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोगही थोडा अधिक आढळतो. त्यात धूम्रपानाचा वाटा मोठा मानतात.