रोजनिशी (नाशिक परिसर)

रोजनिशी म्हणजे आपल्या दिवसाची आपणच तारीखवार लिहून ठेवलेली नोंद. दैनंदिनी आणि डायरी ही तिचीच रुळलेली नावे. पोलीस ठाण्यातली दैनंदिनी, शिक्षकांचे टाचण, दुकानदाराची कीर्द याही रोजच्याच नोंदी. पण त्या कोणाला तरी दाखवायच्या असतात आणि लिहिल्या नाहीत तर जाब द्यावा लागतो. खासगी रोजनिशीचे तसे नाही. ती कोणी मागत नाही, कोणी तपासत नाही, महिनाभर कोरी राहिली तरी कोणाचे काही अडत नाही. तरीही माणसे ती वर्षानुवर्षे लिहितात. का लिहितात, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे. त्याचा माग काढायला नाशिक परिसर सोयीचा, कारण कातळात कोरलेल्या लेखापासून द्राक्षबागेतल्या वहीपर्यंत नोंदीचे नाना प्रकार इथे हाताशी सापडतात.

शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. लेखाचा आरंभ दानपत्राच्या थाटाचा: अमुक लाख गायी दिल्या, तमुक गावे दिली, नद्यांवर मोफत नावा ठेवल्या, हे लेणे करवले. सगळे ‘त्याने’ केले अशा भाषेत. मग मध्येच लेखाचा आवाज बदलतो आणि उषवदात स्वतः बोलू लागतो. मालवांनी पावसाळाभर कोंडून धरलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला स्वामींच्या आज्ञेवरून मी गेलो, माझ्या येण्याचा नुसता गलका ऐकूनच मालव पळाले, तिथून मी पुष्करला गेलो, स्नान केले आणि तीन हजार गायी व एक गाव दान दिले, असा त्याचा आशय आहे. लेण्याच्या दानाला या मोहिमेची गरज नव्हती. तो पावसाळा, ते पुष्करचे स्नान वगळले असते तरी दान पक्केच राहिले असते. हिशेब संपल्यावरही सांगायचे उरते, ते माणूस ‘मी’ म्हणून सांगतो, याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला जवळपास दुसरा नसेल.

त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा नातू, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, याच्या १९व्या राज्यवर्षातला हा लेख. तोवर तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी हयात नव्हता. क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, त्याने समूळ उच्छेद केला हे ती नोंदवते. त्याने काय केले, तो दिसायला कसा होता, आईची सेवा कशी करायचा, हेही ती कोरून ठेवते. आणि स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी देते. इतिहासकार या लेखातून राज्याच्या सीमा काढतात, ते योग्यच आहे. पण सीमा बाजूला ठेवून वाचला तर गेलेल्या मुलाबद्दल आईने लिहिलेला तो मजकूर आहे, आणि तसाही तो वाचायला हवा.

हे लेख रोजनिशी नव्हेत. त्यांत रोजचे काही नाही, आणि कातळावर कोरलेले सर्वांनी पाहावे म्हणूनच कोरलेले असते. मराठीतल्या रोजनिशीचा जवळचा नातेवाईक वेगळाच: हिशेबाची वही. पेशवाईच्या दप्तरात रोजकीर्द असे, त्या दिवशी काय आले, काय गेले, कोणाला काय दिले. बाजारपेठेतली कीर्द-खतावणी तिचेच घरगुती रूप. नाशिकच्या सराफ बाजारात आणि भांडी बाजारात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन अजूनही होते; नव्या वहीला हळद-कुंकू लागते आणि पहिल्या पानावर ‘श्री’ येतो. कोऱ्या वहीविषयी ही जी आस्था आहे, तिच्यातच खासगी रोजनिशीचे मूळ आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रकमेच्या शेजारी दोन शब्द जास्तीचे लिहिले जातात, ‘पाहुणे आले म्हणून’, ‘बाळाच्या औषधाला’, आणि त्या शब्दांपासून रोजनिशी सुरू होते.

घरातल्या बायकांची रोजनिशी तर बहुधा वहीतही नसते. ती भिंतीवर असते. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघते आहे, आणि तिच्या तारखांच्या चौकटींत मराठी घरांनी जितके लिहिले असेल तितके क्वचितच कुठे लिहिले असेल. दूध एक लिटर, दूध नाही, गॅस लावला, पाणी आले नाही, बाई सुट्टीवर. नाशिकच्या घरात जुलै-ऑगस्टच्या चौकटींत ‘गंगेला पूर’ हेही सापडते, कारण गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. डिसेंबर संपला की ही पाने रद्दीत जातात. घराची सर्वांत तपशीलवार नोंद आपण दरवर्षी किलोच्या भावाने देऊन टाकतो, याचे वाईट वाटायला हवे.

रामकुंडावरचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय वंशपरंपरेने नामावळीच्या वह्या सांभाळतात. यात्रेकरूचे मूळ गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये त्या घराण्याचे पान काढतात. आजोबा कधी आले, कोणाबरोबर आले, कोणत्या कार्याला आले, हे त्यावर असते. आलेला माणूस आपल्या पिढीची नावे सांगतो आणि खाली सही करतो. आयुष्यात एकदाच नाशिकला आलेल्या आणि इतर कुठेही एक ओळ न लिहिलेल्या माणसाचे अक्षर असे इथे शिल्लक राहते. रोजनिशीहून हे उलटे आहे: तिच्यात एकाच माणसाचे पुष्कळ दिवस असतात, इथे पुष्कळ माणसांचा एकेक दिवस. पणजोबांच्या सहीवर बोट ठेवून नातवंडे उभी राहतात तेव्हा नोंद कशासाठी हे कोणी विचारत नाही.

या परिसरातला सर्वांत जिवंत प्रकार मात्र निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या वहीचा. इथे तारीख पंचांगाने चालत नाही, छाटणीने चालते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि गोडी छाटणी झाली की तिथून दिवस मोजायचे. दोन बागायतदार भेटले की ‘तुमचा प्लॉट किती दिवसांचा?’ हा पहिला प्रश्न. वहीत कोणत्या दिवशी फूट निघाली, फुलोरा कधी सुरू झाला, विरळणी कधी केली, डीपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) कधी, मण्यांत पाणी कधी उतरले, हे दिवसांच्या आकड्यानिशी लिहिलेले असते. रात्रीचे किमान तापमान असते, कारण निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे आणि पारा उतरला की बागेत शेकोट्या कराव्या लागतात. कोणते औषध किती प्रमाणात मारले हे असतेच. माल निर्यातीला द्यायचा तर बागेची ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदणीव्यवस्थेत नोंदणी करावी लागते, फवारणीची नोंद ठेवावी लागते आणि मालातला औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेत आहे हे तपासणीत सिद्ध व्हावे लागते.

म्हणजे ही वही कामाची, सक्तीचीही. पण तिचे एखादे पान जवळून पाहावे. डाव्या बाजूला अशा धाटणीच्या ओळी: ५२वा दिवस, रात्रभर ढग, पहाटे दव, डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) फवारा, मजूर अर्धेच आले. आणि त्याखाली, त्याच शाईत: झोप नाही, बँकेचा फोन, आईचा पाय दुखतो. या शेवटच्या ओळीची तपासणी कोणीही करणार नाही. ती निर्यातदाराला नको, सरकारला नको, कृषी सल्लागारालाही नको. ती लिहिणाऱ्याला हवी असते, आणि नेमकी तिथे कामाची वही रोजनिशी होते. पुढच्या हंगामात पुन्हा ५२व्या दिवशी ढग येतात तेव्हा तो मागचे पान काढतो. औषधाचे नाव त्याला तिथे मिळतेच. शिवाय त्या रात्रीही आपण असेच जागे होतो आणि तरी बाग हाती आली, हेही मिळते. अवकाळी पावसाने मणी तडकले त्या वर्षीचे पानही तो चाळतो. त्या पानावर बहुधा फार थोडे लिहिलेले असते.

रोजनिशीचा पहिला उपयोग स्मरणाचा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्याने निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या होत्या. आयुष्यातल्या गोष्टी इतक्या कोरड्या नसतात, पण त्याही विसरतात, आणि वाईट म्हणजे विसरताना बदलतात. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे याचे चांगले उदाहरण. पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला लागले यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या तीन मोठ्या पुरांच्या आठवणी आज घराघरांत एकमेकींत मिसळल्या आहेत. कोणत्या पुरात दुकानात पाणी शिरले आणि कोणत्या वेळी फक्त पायरीपर्यंत आले, यावर सख्ख्या भावांचे एकमत होत नाही. धरणातला विसर्ग सरकारी दप्तरात मिळेल. त्या रात्री कोणी कोणाच्या घरी जेवण धाडले, हे ज्याने त्याच दिवशी लिहिले त्याच्याकडेच मिळेल. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाचेही तेच. २००३ आणि २०१५ यांची तुलना पंचवटीतल्या ओट्यावर पुष्कळ होते, पण बारा वर्षांपूर्वीची गल्ली जशीच्या तशी आठवणीत राहात नाही.

तरी स्मरण हे रोजनिशी सुरू करण्याचे कारण आहे, ती चालू राहण्याचे नव्हे. पुष्कळ जण लिहिलेले कधीच उलटून वाचत नाहीत, आणि तरी लिहीत राहतात. त्यांना फळ मिळते ते लिहिण्याच्या वेळीच. दिवसभर डोक्यात घोळणारी गोष्ट वाक्यात बसवायची तर कर्ता ठरवावा लागतो, क्रियापद ठरवावे लागते, कारण आणि परिणाम यांचा क्रम लावावा लागतो. ‘सगळेच बिघडले’ असे मनात म्हणता येते. कागदावर लिहिले की ‘सगळे म्हणजे काय काय?’ असा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो, आणि बहुतेक वेळा उत्तर दोनच गोष्टींचे निघते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले. ज्यांनी आयुष्यातला आघात आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच बरे वाटले नाही, उलट मन जड झाले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम माफकच आढळला. लिहिणे म्हणजे औषध नव्हे. पण लिहून झाल्यावर लगेच हलके वाटलेच पाहिजे असे नाही, ही त्यातली बाब रोजनिशी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिल्याच आठवड्यात वही मिटणारे पुष्कळ जण याच अपेक्षेपायी मिटतात.

वाचणारा कोण, हा दुसरा कठीण भाग. ‘फक्त माझ्यासाठी’ असे म्हणून लिहिलेल्या वहीतही कोणीतरी वाचेल ही शंका असतेच, आणि ती अक्षराला वळण लावते. काही काळात तर ती शंका नव्हे, भीती असते. जून १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि त्यामागून नाशिक कटाचा खटला उभा राहिला. अशा गावात घरात लिहिलेला कागद बाळगणे ही साधी गोष्ट नव्हती. एकत्र कुटुंबातल्या सुनेला पोलिसांची गरज नसे. कुलूप नसलेले कपाट पुरे होते. त्यामुळे जुन्या वह्यांत जे नाही तेही वाचावे लागते. सलग मजकुरात अचानक चार दिवस नुसता भाजीचा हिशेब आला, तर घरात त्या चार दिवसांत काही घडले असण्याचा संभव मोठा.

कसे लिहावे याचे नियम फार नाहीत. तारीख आणि जागा लिहावी, माणसांची नावे नात्यासकट लिहावीत (पन्नास वर्षांनी ‘काका’ कोण हे कळत नाही), आणि खाडा पडला तर भरून काढण्याच्या मागे न लागता आजपासून पुढे लिहावे.

कागदाचे जतन हा मात्र नाशिकमध्ये खरा प्रश्न आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर पावसाळ्यात ओल धरते, शाई फुटते, कसर लागते. वही कापडात बांधून कोरड्या कपाटात ठेवणे आणि दिवाळीच्या साफसफाईत उन्हाऐवजी सावलीत वारा देणे एवढे तरी करता येते. लिहिणारा गेल्यावर वह्या कोणाच्या, हे बहुधा कोणी ठरवून ठेवलेले नसते. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम २० नुसार अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कोणाला दिले, तर मृत्युपत्रात वेगळे लिहिलेले नसल्यास त्याचा प्रताधिकारही त्याच माणसाकडे जातो. म्हणजे वह्यांची पेटी ज्याला दिली, ती छापण्याचा हक्कही त्यालाच मिळतो. छापू नये अशी इच्छा असेल, किंवा वह्या एका मुलाला आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल, तर ते मृत्युपत्रात वेगळ्या वाक्यात लिहावे लागते.