हबक्कूकच्या त्या प्रसिद्ध वाक्यामागचा इतिहास

"नीतिमान माणूस आपल्या विश्वासाने जगेल" हे वाक्य चर्चला जाणाऱ्या बऱ्याच जणांना पाठ असतं, पण ते येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रातलं म्हणून. मूळ वाक्य बायबलच्या जुन्या करारातल्या हबक्कूक या संदेष्ट्याचं (देवाचा निरोप सांगणाऱ्याचं) आहे, आणि त्याचं अख्खं पुस्तक ३ अध्याय, ५६ वचनं, एका बैठकीत आरामात वाचून होतं.

हा हबक्कूक कोणाचा मुलगा, कुठल्या गावचा, काहीच लिहिलेलं नाही, राजाचंही नाव नाही. धागा मिळतो तो एकच, खास्दी म्हणजे बाबेलवाले (बॅबिलोनचे लोक) आता डोकं वर काढणार असं तो सांगतो, म्हणून बरेच अभ्यासक त्याला इ.स.पू. ६०५ च्या आसपास, यहूदाचा (यरुशलेम राजधानी असलेल्या यहुद्यांच्या राज्याचा) राजा यहोयाकीम याच्या काळात बसवतात. मलाही तेच पटतं, कारण तो काळ समोर ठेवला की या माणसाचा संताप एकदम कळतो.

झालं असं की इ.स.पू. ६१२ मध्ये अश्शूर साम्राज्याची राजधानी निनवे पडली आणि अश्शूरचा दरारा संपला. यहूदात तेव्हा योशिया राजा होता, त्याने मंदिर साफ केलं, नियमशास्त्र परत चालू केलं, लोकांना वाटलं आता दिवस बदलले. आणि ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरच्या (इजिप्तच्या) फारो नखोने त्याला मारलं. पुढे नखोनेच आपल्या मर्जीतला म्हणून योशियाचा मुलगा यहोयाकीम गादीवर बसवला, वर १०० किक्कार (किक्कार म्हणजे तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी आणि १ किक्कार सोनं खंडणी लावली, ती अर्थात लोकांकडूनच वसूल झाली. एवढं होऊनही साहेब स्वतःसाठी मोठमोठ्या खिडक्यांचा, गंधसरूच्या लाकडाचा, लाल रंगवलेला वाडा बांधत होते आणि मजुरांना मजुरी देत नव्हते, यिर्मया या संदेष्ट्याने त्याला यावरूनच झापलंय. उरिया नावाचा एक संदेष्टा जिवाच्या भीतीने मिसरात पळाला तर त्याला तिथून धरून आणून मारलं, आणि यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी वाचून दाखवली जात होती तेव्हा यहोयाकीमने ती चाकूने कापून कापून शेगडीत टाकली.

आता हबक्कूकचा पहिला अध्याय वाचा. देवा, किती दिवस ओरडू, तू ऐकतच नाहीस, कायदा लुळा पडलाय, निवाडा होतो तोही वाकडाच. बाकीचे संदेष्टे देवाच्या वतीने लोकांना सुनावतात, हा लोकांच्या बाजूने देवालाच जाब विचारतो. देवाचं उत्तर येतं की मी खास्द्यांना आणतोय. म्हणजे आपल्या चोराला धडा द्यायला बाहेरचा दरोडेखोर! हबक्कूक हे मुकाट ऐकून घेत नाही, म्हणतो ते तर आमच्यापेक्षा दुष्ट आहेत, माणसांना मासे समजून जाळ्यात ओढतात आणि वर त्या जाळ्याचीच पूजा करतात, आणि तू बघत बसणार? मग पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो, बघू काय उत्तर येतंय.

ते विश्वासाचं वाक्य इथे येतं, दुसऱ्या अध्यायात. पाट्यांवर स्पष्ट लिहून ठेव, उशीर लागला तरी वाट बघ, उन्मत्ताचं काही खरं नाही, आणि नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल. लगेच पुढे पाच वेळा "हाय हाय" आहे: दुसऱ्याचा माल साठवणारा, अन्यायाच्या कमाईने घर बांधणारा (त्या घराच्या भिंतीतला दगड ओरडेल म्हणतो), रक्त सांडून शहर वसवणारा वगैरे. रोख बाबेलवर आहे, पण यरुशलेममध्ये ते घराचं वाक्य ऐकून कोणाकोणाच्या डोळ्यासमोर तो लाल वाडा आला असेल.

६०५ ला कर्कमीशला बाबेलच्या नबुखद्नेस्सरने मिसरची फौज मोडली, ५९७ मध्ये यरुशलेम घेतलं (बाबेलच्या मातीच्या पाट्यांवरही याची नोंद सापडलीय), ५८६ मध्ये शहर आणि मंदिर दोन्ही जाळलं. बाबेलचा नंबर लागला ५३९ मध्ये, इराणच्या कोरेश राजाच्या (सायरसच्या) हातून. म्हणजे वाट बघायला लावली ती दोन पिढ्या.

नंतरच्या लोकांनी प्रत्येकाने हे पुस्तक आपापल्या संकटात वाचलं. १९४७ ला मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत ज्या पहिल्या गुंडाळ्या मिळाल्या त्यात हबक्कूकवरचं भाष्य आहे, ते लिहिणाऱ्या यहुदी लोकांनी खास्द्यांच्या जागी सरळ आपल्या काळातली स्वारी करणारी फौज धरली, ती रोमनांचीच असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि यरुशलेमचा एक दुष्ट याजक गरिबांना लुटतो असंही त्यात आहे. तालमूदमध्ये (यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहात) रब्बी सिमलाय म्हणतो की मोशेला ६१३ आज्ञा मिळाल्या, आणि पुढे तिथेच म्हटलंय की पुढच्यांनी त्या कमी कमी करत आणल्या आणि हबक्कूकने एकावर आणल्या, ती हीच. पौलाने हे वाक्य रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत घेतलं, तिथे मुद्दा होता माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो हा. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने पौलातून ते उचललं आणि त्यावर प्रोटेस्टंट ही अख्खी चळवळ उभी राहिली, तोवर मजुरी, खंडणी आणि वाकडा निवाडा हा भाग वाक्यापासून बराच लांब गेला होता.