सरकारी धान्य गोदामांतील कंत्राटी हमाल : कामगार कायद्यांची तपासणी

सरकारसाठी अन्नधान्याची साठवण, हाताळणी व वाहतूक करणारे कंत्राटदार कामगार कायदे पाळतात की नाही, हे पडताळण्याची व्यवस्था. भारतात तिचा संबंध मुख्यतः गोदामांतील हमालांशी येतो. 1965 मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ अनेक ठिकाणी पोती उतरवणे, थप्पी लावणे आणि ट्रक भरणे ही कामे हाताळणी व वाहतूक कंत्राटदारांकडून करून घेते. रेशनचा तांदूळ-गहू घरी पोहोचण्याआधी हमालांच्या पाठीवरून अनेकदा गेलेला असतो.

व्यवस्थेचा पाया 1970 च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियमाने घातला. 20 किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथे काम देणाऱ्या संस्थेला (कायद्याच्या भाषेत ‘मुख्य मालकाला’) नोंदणी, तर कंत्राटदाराला परवाना बंधनकारक झाला. मजुरीवाटपाच्या वेळी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने जातीने हजर राहायचे आणि ‘ही रक्कम माझ्यासमक्ष दिली’ असे नोंदवहीत प्रमाणित करायचे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकाने भरायची आणि कंत्राटदाराच्या बिलातून वळती करायची. सरकार स्वतः मुख्य मालक असले तरी त्याची सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

महामंडळ केंद्राच्या कक्षेत असल्याने तपासणी केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे असते. पण हमालाच्या दृष्टीने अधिक परिणामकारक तपासणी बिल मंजूर होताना होऊ शकते, कारण तेव्हा पैसा अजून सरकारच्या हातात असतो. बिलासोबत हजेरीपट, मजुरीपत्रक, बँकेतून मजुरी जमा केल्याचा पुरावा, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांच्या भरण्याची चलने पाहिली जातात. चलनाची फक्त एकूण रक्कम पाहून भागत नाही. हमालांची नावे एकेक करून हजेरीपटाशी जुळवावी लागतात आणि हजेरीपट गोदामाच्या आवक-जावक नोंदवहीशी. 10 टनांच्या ट्रकमध्ये 50 किलोची 200 पोती असतात. दिवसात आठ ट्रक उतरले आणि हजेरी चौघांचीच असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला 400 पोती, म्हणजे 20 टन येतात. अशा वेळी बाकीच्यांची नावे कुठे गेली, हे विचारलेच पाहिजे. निधीचा वाटा वाचवण्यासाठी माणसे किंवा कामाचे दिवस कमी दाखवले जाऊ शकतात. हमालाचे एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असेल, तर ते मात्र कोणत्याच कागदावर दिसत नाही. त्यासाठी टोळीशी मुकादमाच्या माघारी बोलावे लागते.

महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने वेगळी वाट काढली. नोंदित हमालाची मजुरी व तिच्यावरील लेव्ही (मजुरीच्या प्रमाणात आकारलेली जादा रक्कम) मालक माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला पैसे देते. निधी, बोनस, रजा यांची तरतूद लेव्हीतून होते. मजुरी कंत्राटदाराच्या हातातून जातच नाही, म्हणून ही रचना हमालासाठी अधिक सुरक्षित आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने 1970 च्या कायद्याची जागा घेतली. कल्याणकारी सोयींची जबाबदारी तिने थेट मुख्य मालकावर टाकली, हे चांगलेच झाले. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा 20 वरून 50 वर गेल्याने लहान गोदामांतील टोळ्या परवान्याच्या कक्षेबाहेर पडू शकतात. किमान वेतनाचा हक्क त्यांनाही आहेच.