अठरा वर्षांच्या मुलाला जोखताना: एनएचएल ड्राफ्टमागचा इतिहास

जून संपत आला की आइस हॉकीच्या चाहत्यांत दोनच विषय चालतात: यंदा कोणाला कोणता संघ घेणार, आणि चार-पाच वर्षांपूर्वी ज्यांचा गाजावाजा झाला त्यांचं पुढे काय झालं. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, ३२ संघ ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत जगभरातल्या तरुण खेळाडूंचे हक्क आपल्याकडे घेतात. यातली बहुतेक मुलं १८ वर्षांची असतात. काहींची उंची अजून वाढायची असते, काहींना प्रौढ खेळाडूचा धक्का सोसेल एवढं बळ आलेलं नसतं. तरीही कोणाचं भविष्य किती मोलाचं, हे दोन दिवसांत ठरतं. ही पद्धत कशी बनत गेली ते पाहिलं, तर माझ्या मते एक गोष्ट ठळक दिसते. कोण हाती लागला आणि कोण निसटला, हे स्काउटच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या, नजरेइतकंच त्या-त्या काळातल्या वयाच्या अटीने ठरवलं.

ड्राफ्ट नव्हता तेव्हा मुलं याहून लहान वयात अडकत. लीगमध्ये सहाच संघ होते आणि कॅनडातल्या ज्युनियर संघांना ते पैसे पुरवत. त्या बदल्यात मुलांचे हक्क त्यांच्याकडे जात. १९६१ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सची माणसं ऑन्टारिओतल्या गॅननोक्वे इथे एका स्पर्धेला गेली होती ती दुसरीच मुलं पाहायला. त्यांची नजर खिळली ती पॅरी साउंड गावाच्या बारा वर्षांच्या एका बचावपटूवर. तो बॉबी ऑर. पुढच्या वर्षी, चौदाव्या वर्षी, त्याचा करार झाला. त्या व्यवहारात ऑर कुटुंबाच्या घराला बाहेरून गिलावा करून देण्याचंही क्लबने कबूल केलं होतं. मुलगा पुढे खेळाच्या इतिहासातला सर्वोत्तम बचावपटू ठरला म्हणून हा किस्सा आज कौतुकाने सांगितला जातो. पण अशा करारांत बांधली गेलेली आणि पुढे कुठेच न पोहोचलेली मुलं कितीतरी होती. त्यांना दुसऱ्या संघाकडे जायची मुभा नव्हती.

ही ओढाताण संपवावी म्हणून लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी ड्राफ्टचा आग्रह धरला. ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रिअलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. प्रेक्षक नव्हते, कॅमेरे नव्हते. चांगली मुलं आधीच जुन्या करारांत गुंतलेली असल्याने चार फेऱ्यांत मिळून २१ जणांचीच निवड झाली, तीही १६-१७ वर्षांच्या पोरांची. पहिली निवड मॉन्ट्रिअलने केली ती गॅरी मोनाहनची. २१ पैकी पाच जण एनएचएलमध्ये खेळले. जुनी पद्धत मोडीत निघाल्यावर १९६९ मध्ये वीस वर्षांच्या सगळ्या हौशी खेळाडूंसाठी ड्राफ्ट पहिल्यांदा खुला झाला.

वीस वर्षं हे वय पारखायला बरं होतं. पण १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि तिच्यातल्या संघांनी त्याहून लहान खेळाडूंना पैसे देऊन उचलायला सुरुवात केली. पण त्या लीगच्या नियमांतही वीस वर्षांची अट होतीच. १९७७ मध्ये १९ वर्षांच्या केन लिन्समनने ती अट अमेरिकेच्या न्यायालयात नेली आणि न्यायालय त्याच्या बाजूने उभं राहिलं. कमावत्या वयाच्या मुलाला कमावण्यापासून कोणत्या आधारावर अडवायचं, याला कोणत्याच लीगकडे उत्तर नव्हतं. एनएचएलच्या ड्राफ्टने १९७९ मध्ये एकोणीस वर्षांच्या खेळाडूंना दार उघडलं, १९८० मध्ये अठरा वर्षांच्या. मुलांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्यच झालं. स्काउटचं काम मात्र कमालीचं अवघड झालं, कारण अठरा ते वीस या दोन वर्षांत मुलगा जेवढा बदलतो तेवढा नंतर क्वचितच.

१९७५ मध्ये लीगने स्वतःचं सेंट्रल स्काउटिंग सुरू केलं होतंच. सगळ्या संघांना एकच सामाईक क्रमवारी मिळू लागली. पण क्रमवारी आली की तिच्याभोवती अपेक्षा साचतात. १९९३ मध्ये ऑटवा सेनेटर्सने पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर डेगलला घेतलं आणि पाच वर्षांसाठी सव्वाबारा मिलियन डॉलरचा करार दिला. दुसऱ्या क्रमांकाचा ख्रिस प्राँगर हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेगल त्या उंचीच्या आसपासही पोहोचला नाही. त्या कराराने इतर मालक इतके हादरले की लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९५ च्या सामूहिक करारात नवख्यांच्या मानधनाला कमाल मर्यादा आली, ती आजही आहे. डेगलवर ‘फसलेला’ हा शिक्का अजून मारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. अठरा वर्षांच्या मुलाने स्वतःला पहिल्या क्रमांकावर बसवलं नव्हतं, नुकत्याच उभ्या राहिलेल्या संघाचा भार स्वतःहून मागितला नव्हता.

जन्मतारखेचा प्रश्न तर याहून जुना. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वरच्या पातळीवरच्या हॉकीत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा आहे. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद, स्केटिंगचा वेग, सगळंच. थोराड मुलगा चांगल्या संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि फरक वाढतच जातो. २०१३ च्या एका अभ्यासाने याची दुसरी बाजू मांडली. १९८० ते २००७ या काळात वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं ड्राफ्टमध्ये त्यांच्या योग्यतेपेक्षा मागे पडत होती. त्याच क्रमांकावर निवडलेल्या पहिल्या तिमाहीतल्या मुलांशी तुलना केली, तर ४०० सामने किंवा २०० गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता दुपटीच्या आसपास होती. म्हणजे हा कल नुसता अन्यायकारक नव्हता, संघांनाही महाग पडत होता.

ड्राफ्टची स्वतःची तारीख वेगळी आहे: १५ सप्टेंबर. त्या दिवसापर्यंत १८ पूर्ण झाली तर त्या वर्षी पात्र. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधल्या वर्षात तो स्वित्झर्लंडला गेला आणि झुरिकच्या संघातून प्रौढांविरुद्ध खेळला. २०१६ मध्ये टोरोंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि एनएचएलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले. ते जास्तीचं वर्ष त्याच्या किती कामी आलं याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही, पण वाया गेलं नाही हे नक्की.

काही संघांनी मात्र वाट पाहण्यालाच धोरण केलं, आणि त्यात डेट्रॉइट रेड विंग्ज पहिले आठवतात. त्यांचे युरोपातले स्काउट हाकन अँडरसन रशियात एका बचावपटूला पाहायला गेले होते. तिथे प्रतिस्पर्धी संघातला एक किरकोळ अंगाचा सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचा आक्रमक, त्यांच्या डोळ्यांत भरला. १९९६ आणि १९९७ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्या संघांनी त्याला वगळलं होतं. १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला १७१ व्या क्रमांकावर घेतलं आणि आणखी तीन वर्षं रशियातच खेळू दिलं. तो पावेल डाट्सुक. पुढच्याच वर्षी २१० व्या क्रमांकावर हेनरिक झेटरबर्ग घेतला आणि त्यालाही स्वीडनमध्ये मुरू दिलं. २००८ मध्ये दोघांनी मिळून स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, आणला. संघाचे सरव्यवस्थापक केन हॉलंड यांचा आग्रह असे की मुलगा नुसता तयार असून भागत नाही, तयार झाल्यावरही त्याला खालच्या लीगमध्ये थोडा काळ राहू द्यावं. अढीतला आंबा रोज चाचपून पाहिला तर तो पिकण्याआधी डागाळतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

व्हँकूव्हरच्या सेडिन जुळ्यांचंही तेच. १९९९ मध्ये संघाचे सरव्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी खटपटी करून दुसरा आणि तिसरा असे दोन्ही क्रमांक मिळवले आणि दोघा भावांना घेतलं. सुरुवातीची काही वर्षं ते साधारण खेळले, मऊ आहेत म्हणून टीका झाली. संघाने हात आखडता घेतला नाही. २०१० मध्ये हेनरिक आणि २०११ मध्ये डॅनिअल लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. त्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर गेलेल्या पॅट्रिक स्टेफानची कारकीर्द दुखापतींत विरली.

एकविसाव्या शतकात मोजमाप वाढलं. ज्युनियर लीगमधले गुण, युरोपातल्या प्रौढ लीगमधले गुण यांना एकाच मापात आणणारी सूत्रं आली. २००४-०५ चा हंगाम रद्द झाल्यानंतर अडवणुकीच्या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि ठेंगण्या पण चपळ खेळाडूंना मोकळीक मिळाली. ड्राफ्टआधी शारीरिक चाचण्याही होतात. २०१४ मध्ये सॅम बेनेटला तिथे एकही पुल-अप काढता आला नाही, आणि त्याची बातमी कॅनडाभर झाली. तोच बेनेट २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ब्रेडन पॉइंट ७९ व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. अंगाने लहान आणि स्केटिंग बेताचं, असं त्याच्याबद्दल म्हटलं जाई. टँपा बेने त्याला बार्ब अंडरहिल यांच्याकडे सोपवलं. त्या १९८४ च्या फिगर स्केटिंगच्या जागतिक विजेत्या. पुढे वेग हीच पॉइंटची ओळख बनली आणि २०२० व २०२१ चे कप त्याने जिंकले. ड्राफ्टच्या दिवशी जे वैगुण्य दिसतं त्यातलं काय शिकवून सुधारेल हे ओळखणं, हीच मला या कामातली खरी कसोटी वाटते.

भारतीय वाचकाला यात एक ओळखीचं आडनाव सापडेल. डाट्सुक निवडला गेला त्याच १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर होता मॅनी मल्होत्रा. तो गोल करणारा तारा होईल या अपेक्षेने घेतला गेला. झाला बचावात भरवशाचा सेंटर, आणि ९९१ सामने खेळला. आता तो प्रशिक्षक आहे. २०२५ मध्ये त्याच्या हाताखालच्या अ‍ॅबट्सफर्ड संघाने एनएचएलच्या खालोखालच्या अमेरिकन हॉकी लीगचा काल्डर कप जिंकला. त्या संघात सरे शहरातला पंजाबी घरचा अर्शदीप बैन्स होता, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. गोलरक्षक आर्टुर्स शिलोव्ह्स सहाव्या फेरीतला, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

वयाचा प्रश्न सध्या पुन्हा हलतो आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना अमेरिकी विद्यापीठांचं हॉकी पूर्वी बंद होतं. ऑगस्ट २०२५ पासून ते खुलं झालं. वीस डिसेंबरच्या जन्मामुळे २०२५ च्या ड्राफ्टसाठी लहान ठरलेला गॅव्हिन मॅकेना कॅनडातला मेडिसिन हॅट हा ज्युनियर संघ सोडून अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला, तो याच वाटेने. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आता समवयस्कांच्या लीगमध्ये अडकून न राहता वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूंविरुद्ध खेळता येतं, आणि स्काउटनाही त्याला तिथे पाहता येतं.