ग्रामसभा आणि गावचे राजकारण (महाराष्ट्र)

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची सभा. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा भरवावी लागते. कामे कोणत्या आळीत होणार, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव राहणार, हे इथे ठरायचे असते.

गणपूर्ती (कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ४०० मतदारांच्या गावात ६०, २,००० मतदारांच्या गावात १००. खरे राजकारण इथेच होते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. दवंडी द्यायची नाही, नोटीस आदल्या दिवशी फलकावर चिकटवायची, ऐन पेरणीत सकाळची वेळ ठेवायची. पहिली सभा मोडते आणि पुढच्या सभेत पंधरावीस जणांत गावच्या कामांचा आराखडा मंजूर होतो. नंतर हजेरीवही घरोघर फिरवून सह्या गोळा करणे त्याहून घातक, कारण कागदोपत्री सगळे नियमात दिसते. त्यावर उपाय साधा आहे: ठराव तिथेच वाचून घ्यावेत आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून घ्यावी.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळालेल्या २०२१-२६ या काळातील निधीत ६० टक्के बंधित (पाणी व स्वच्छतेसाठी) आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. दहा लाख आले तर गावाच्या पसंतीच्या कामांना चारच लाख. ग्रामपंचायतीत सदस्य ७ ते १७ असतात. बहुमत टिकवण्यासाठी प्रत्येकाच्या प्रभागात ‘एक काम’ दिले की या चार लाखांचे तुकडे पडतात. शंभर मीटर गटार बांधले जाते, पण पुढच्या प्रभागातला भाग विरोधी गटाचा म्हणून सुटतो. पाण्याला उतार आहे, निकास नाही; पहिल्याच पावसात ते शेवटच्या घराच्या अंगणात तुंबते.

नळयोजनेचे दुखणे वेगळे. टाकी बांधायला निधी मिळतो, पण पंपाचे वीजबिल पाणीपट्टीतून भागवायचे असते. निवडणूक जवळ आली की पट्टी वाढवायला आणि भावकीतल्या थकबाकीदाराचा नळ तोडायला कोणी धजत नाही. बिल थकते, वीज तुटते आणि टाकी कोरडी पडते. नव्या योजनेची मागणी होते. जुनीची वसुली चर्चेलाच येत नाही.

२०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. जिथे महिला सभेचे ठराव वेगळे लिहून मुख्य सभेत वाचले जातात, तिथे राखीव जागेला अर्थ येतो. एरवी कारभार नवरा किंवा दीर पाहतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा इथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो, एकमत होईपर्यंत सभा पुन्हा बसते. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेने स्वतः केली.